बाराच्या भोंग्याआधी

नातीच्या लग्नाचं आमंत्रण करायला ऐन जेठात देवासच्या कारखान्यांच्या भागात गेले. तिथे रामकन्या राहते. ती आणि मी एका कारखान्यात कामाला होतो. नात म्हणाली, "आजी, व्हॉट्सॲप पे कार्ड डाल देते हैं ना." मी म्हटलं, फोनमधून कुंकू लागत नाही. मग तिने गाडी काढली. काचा बंद, आत गार हवा, आणि बाहेर एबी रोडवरचं ऊन आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं नुसतं दिसत होतं.

पूल उतरल्यावर मी काच खाली केली.

गरम वारा आत आला. त्याच्याबरोबर डांबराचा वास आला. वितळायला लागलेल्या डांबराला गोडसर वास असतो, कढईत गूळ जरा लागला की येतो तसा. मग धूळ. मग कुठूनतरी सोयाबीनच्या पेंडीचा वास. डोळे मिटले असते तरी मी सांगितलं असतं, आता पुलाखाली आहोत, आता बाभळी येतील.

"आजी, लू लग जाएगी. काच लाव."

"लागू दे. जुनी ओळख आहे."

बाभळी आल्या नाहीत. तोडल्या. तिथे टायरांची दुकानं आहेत.

ह्या रस्त्याने मी पुष्कळ उन्हाळे सायकलने कामाला गेले. पण पहिला उन्हाळा होता तो माझ्या अंगात राहिला. बाकीचे नुसते गेले.

त्या वर्षी चैत्रात ह्यांचा पाय मोडला. कसा मोडला त्यात आता काही नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर आणि अडीच महिने खाटेवर. हे पट्ट्यांच्या कारखान्यात होते, जखमेला बांधतात त्या जाळीच्या पट्ट्या. तिथले सुपरवायझर स्वतः घरी आले. सज्जन माणूस. बाईमाणूस समोर असलं की जमिनीकडे बघून बोलायचे.

"भिया, जगह खाली नहीं रख सकता," ते फरशीकडे बघत म्हणाले. "घर से कोई आ जाए तो आपके नाम पे चला लूँगा, प्लास्टर उतरने तक. पर कायदा वही. तीन लेट, और जगह गई."

घरातून कोण जाणार? मुलगा तीन वर्षांचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साठीच्या पुढे. उरले मी. मी म्हटलं, येते.

उन्हाळ्यात सकाळी वीज जायची, म्हणून त्या दिवसांत कारखाना दुपारी बाराला सुरू व्हायचा आणि आठला सुटायचा. बाराला पाच मिनिटं असताना पहिला भोंगा, बाराला दुसरा, आणि दुसऱ्या भोंग्याला फाटक बंद. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी. तिथून कारखाना सहा-सात किलोमीटर. टेम्पो होते, पण भरल्याशिवाय हलायचे नाहीत. पायी जायचं तर ते ऊन. राहिली ह्यांची सायकल. काळी, उंच, मधे दांडा असलेली पुरुषी सायकल.

आता साडीचं सांगायला हवं. माझं माहेर धारचं. तिथे माझ्या बरोबरीच्या सगळ्या पाचवारी नेसायला लागल्या होत्या. देवासला सासरी आले तर इथे नऊवारीच, मागे कासोटा घातलेली. आमच्याकडचे मूळपुरुष दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, पागेत घोड्यांना खरारा करायचे. दरबार गेला, घोडे गेले, पण आत्याबाईंनी कासोटा सोडला नाही आणि मला सोडू दिला नाही. गल्लीतल्या माळवी बायका मला बघून तोंडाला पदर लावून हसायच्या. मी पाच वर्षं रोज सकाळी तो कासोटा खोचताना मनातल्या मनात आत्याबाईंना बोलत होते.

आणि मग तो सायकलचा दांडा समोर आला. पाचवारीतली बाई त्याच्यावरून सहजी पाय टाकूच शकत नाही. मी टाकला. सरळ गेला.

शिकवलं दोघांनी. हे ओट्यावर, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून. "समोर बघ. चाकाकडे काय बघतेस, चाक कुठे पळून जात नाही." आणि मागे कॅरियर धरून आत्याबाई. साठी ओलांडलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, माझ्या मागे धावते आहे आणि धावताना देवीचं नाव घेते आहे. पहाटेची वेळ, टेकडीवरच्या देवळाची घंटा वाजत असायची, कडुनिंबाचा मोहोर खाली पडलेला असायचा. त्या मोहोराचा कडू-गोड वास आला की मला अजून तोल जाईल असं वाटतं.

चौथ्या दिवशी मी मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि मागे बोलले, "आत्याबाई, सोडू नका हं." वळून बघितलं. त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

पहिला लेट पहिल्याच आठवड्यात झाला आणि तो उशिरा पोचल्यामुळे नाही झाला. मी पोचले होते वेळेवर. पण मला उतरता येत नव्हतं. घरी ओटा होता, ओट्यावर पाय टेकला की झालं. कारखान्याच्या फाटकासमोर ओटा नव्हता. मग मी फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत गोल फिरत राहिले.

चौकीदार बघत होता. "भाभी, अंदर आओ ना."

"कशी येऊ? पकड़ो!"

"किसको पकड़ूँ?"

"सायकल को, और किसको!"

परक्या बाईची सायकल धरावी की नाही ह्याचा विचार करण्यात त्याने भोंगा होऊ दिला. तिसऱ्या फेरीला त्याने हँडल धरलं तेव्हा फाटक लागलं होतं. माझ्या नावावर, म्हणजे ह्यांच्या नावावर, एक लेट.

दुसरा लेट हवेमुळे. मी सकाळी टायरमध्ये टम्म हवा भरली, मला वाटलं चांगलं पळेल. ऐन उन्हात ट्यूब फुटली. फटाक्यासारखा आवाज झाला आणि झाडावरचे कावळे उठले. सायकल ढकलत गेले. घरी सांगितलं तर ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. आत ती फुगते. एवढंही..." एवढंही मला कोणी सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

दोन लेट आणि अजून दीड महिना बाकी. त्यानंतर मी रोज सव्वाअकराला निघायला लागले.

निघण्याचा एक थाट असायचा. सीटवर ओला पंचा, नाहीतर चटका बसायचा. डोक्याला दुसरा ओला पंचा, त्याच्यावर पदर. कमरेला खोचलेला कांदा, लू लागू नये म्हणून. कांदा खरंच लू ओढून घेतो का मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तो मऊ पडायचा आणि माझ्या साडीला भाजीचा वास यायचा, एवढं माहीत आहे. आत्याबाई कैरीचं पन्हं प्यायला लावायच्या, जिरं आणि काळं मीठ घातलेलं, आणि मी पीत असताना मागून कासोटा ओढून बघायच्या, घट्ट आहे ना.

चौकात चहाच्या टपरीवर चार बाप्ये बसलेले असायचे. पहिल्या दिवशी एकाने आवाज टाकला, "क्यों काकी, घोड़ा बेच दिया क्या?"

मी थांबू शकत नव्हते, ओटा नव्हता. जाता जाता बोलले, "तेरे बाप की बारात में दिया था. लौटाया ही नहीं!"

मागे हशा झाला. दुसऱ्या दिवसापासून ते मला बघून नुसतं मान हलवायचे. पंधरा दिवसांनी त्यातला एक उठून समोरून येणाऱ्या टेम्पोला हात दाखवून थांबवायचा, मला जाऊ द्यायला.

चौकाच्या पुढे सावली संपायची. रस्ता वितळलेला, टायर उचलताना चर्र चर्र असा आवाज यायचा, पापड भाजताना येतो तसा. समोर रस्त्यावर पाणी दिसायचं, जवळ गेलं की नसायचं. वारा तोंडावर आला तर भट्टीचं दार उघडल्यासारखं, आणि पाठीवर आला तर कोणी ढकलतं आहे असं वाटायचं. ते ढकलणं मला आवडायचं. हे कोणाला सांगितलं नाही. घरात नवरा मोडक्या पायाने पडलेला, आणि बाईला वाऱ्यात बरं वाटतं, हे सांगण्यासारखं नव्हतं. पण लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटी कुठेतरी जात होते. त्या पाऊण तासात मला कोणी हाक मारत नव्हतं.

पुलाच्या अलीकडे प्याऊ होती. गवताने शाकारलेली झोपडी, रांजण, आणि एक म्हातारी बाई. ती लांब दांड्याच्या पळीने ओंजळीत पाणी ओतायची. उतरता यायला लागल्यावर मी धापा टाकत पहिल्यांदा गेले तर तिने पळी मागे घेतली. "पेलां बैठ, बई. पछे पाणी." आधी बस, मग पाणी. मी म्हटलं, मला उशीर होतो आहे. ती म्हणाली, "मरवा में कईं देर नी लागे." मरायला काही उशीर लागत नाही. बसले. त्या पाण्याला मातीचा आणि वाळ्याचा वास होता. मी आता फ्रिजमधलं पाणी पिते, त्याला कसलाच वास नसतो.

कारखान्यात पंखे बंद. पंखा लावला की जाळीचं कापड उडायचं, कापसाची लव उडायची. तरी ती घामाला चिकटायचीच आणि दुपारी तीनला आम्ही सगळ्या बायका पिठात घोळल्यासारख्या दिसायचो. मला गुंडाळणीवर बसवलं. एका लोखंडी सळईवर पट्टी सारखी ताणून गुंडाळायची, ढिली नको आणि आवळ नको. मला शिकवावं लागलं नाही. लहानपणापासून चातुर्मासात देवाच्या वाती वळलेल्या. कापूस किती ओढला की तुटतो हे बोटांना माहीत होतं.

रामकन्या माझ्या शेजारी बसायची. माळवी बाई, तोंडाने फटकळ. तीच म्हणायला लागली, "यो थारो धोतर कद उतरेगो?" हे तुझं धोतर कधी उतरणार? रोज विचारायची. बाकीच्या हसायच्या.

माझ्या पेटीत एक पाचवारी होती. धारहून भावाने आणलेली, बाग गावच्या छापाची, पांढऱ्यावर लाल-काळी बुट्टी. एकदाही नेसले नव्हते. जेठातल्या एका शुक्रवारी आत्याबाई टेकडीवर देवीला गेल्या होत्या. मी पेटी उघडली. मला वाटलं, कमावती बाई आहे, एक दिवस नेसेन. रामकन्येचं तोंड बंद होईल.

ह्यांनी खाटेवरून बघितलं. थोडा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "दिसते चांगली. पण चेनला कव्हर नाही. निऱ्या सांभाळ."

मी म्हटलं, सांभाळते. ओट्यावर उभी राहून, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन कसाबसा दांड्यावरून पाय टाकला.

पूल ओलांडला आणि निऱ्या चेनमध्ये गेल्या. सायकल आणि मी एकदमच पडलो. उठायला गेले तर उठता येईना, साडी दातेरी चाकात गुंडाळलेली आणि मी साडीत. पेडल उलटं फिरवलं तर आणखी आत गेली. डांबर हातांना पोळत होतं. मागेपुढे झाड नाही, माणूस नाही. आकाश नुसतं पांढरं. आणि तेवढ्यात पहिला भोंगा झाला.

मला आठवतं की मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता. ह्यांची जागा मी दोन महिने धरून ठेवली होती आणि ती आता एका छापाच्या साडीपायी जाणार होती. मी काठ दातात धरला आणि फाडला. नवीन कापड फाडताना केवढा आवाज होतो. अर्धी साडी अंगावर, अर्धी चेनमध्ये. मग चेनमधली ओढून तोडून काढली, तेलाने काळी झालेली. परकर गुडघ्याशी फाटला होता. तशीच सायकलवर बसले, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर चढून.

दुसरा भोंगा झाला तेव्हा मी फाटकापासून शंभर पावलांवर होते. चौकीदाराने मला बघितलं आणि पाठ वळवली. फाटक लावायला विसरला, असं तो नंतर म्हणाला. आत सुपरवायझर वही घेऊन उभे होते. वहीत वेळ मांडायची तर आधी माणूस बघावं लागतं. त्यांनी अर्धवट मान वर केली, फाटका परकर दिसला, आणि मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. वही तोंडासमोर धरून ते आपल्या खोलीत निघून गेले. त्यांना मी दिसलेच नाही. जी दिसली नाही तिचा लेट कसा मांडणार?

रामकन्येने मला दंडाला धरून कापडाच्या खोलीत नेलं. "आज उतर्यो धोतर!" म्हणाली, आणि मग तिला माझी ढोपरं दिसली. पाणी आणून धुतली. पट्ट्यांच्या कारखान्यात जखमेला पट्टीची काय वाण, दोन्ही ढोपरांना बांधली. पण नेसायला काय? तिथे जाळीच्या कापडाशिवाय काहीच नव्हतं. मग चार जणींनी कापडाचं ठाण धरलं आणि त्याचे चार पदर केले, कारण एका पदरातून आरपार दिसायचं. मी त्यांना सांगत गेले, असं घ्या, असं मागे न्या, इथे खोचा. रामकन्येने स्वतःच्या हाताने मला कासोटा घातला. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "चोखो लागे हे री." चांगलं दिसतं गं.

संध्याकाळी त्याच वेषात घरी आले. नखशिखांत पांढरी. आत्याबाई दारात होत्या. त्यांनी हातातलं तबक तिथेच ठेवलं. "सूनबाई! तो समोर जिवंत बसलाय आणि तू पांढरं नेसून..." धावत जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्या कपाळावर बोटभर कुंकू थापलं, लाल शालू काढून डोक्यावरून टाकला, त्या गरमीत.

आणि हे हसायला लागले. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. प्लास्टरचा पाय स्टुलावर थडथड आपटायला लागला इतके हसले. "आई, असू दे," म्हणाले. "मी गेल्यावर ही कशी दिसेल ते बघून ठेवलं. आता काळजी नाही."

हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. मी पांढरं नेसले नाही. लोकांनी विचारलं. मी म्हटलं, एकदा नेसले होते, त्यांनी बघितलं आहे.

परवा पत्रिका हातात घेतल्याबरोबर रामकन्येने तीच गोष्ट काढली. आता तिच्या तोंडात दोन दात आहेत. नात ऐकत होती, तिला निम्मं कळलं, निम्मं मला हिंदीत सांगावं लागलं. "सच में आजी? तू सायकल चलाती थी? साडी में?" मग म्हणाली, कारखाना बघू. बघितला. तिथे आता मॅरेज गार्डन आहे. फाटकावर प्लास्टिकची फुलं आणि दोन सिमेंटचे हत्ती. मी गाडीतून उतरले नाही.

त्या वर्षी आषाढात ह्यांचं प्लास्टर निघालं. तिसरा लेट झाला नव्हता. मी सुपरवायझरांना जाऊन सांगितलं, जागा ज्यांची त्यांना द्या. त्यांना माझा हात आवडला होता, जमिनीकडे बघतच म्हणाले, बाई, तुम्हीही राहा. म्हणजे सगळं ठीक झालं होतं. फक्त ह्यांचा गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, एवढाच राहील. सायकलवर बसून बघितलं, एक पाय खाली जायचा आणि दुसरा काठीसारखा बाहेर. दोनदा पडले. तिसऱ्यांदा मी बसू दिलं नाही.

जागा होती आणि जागेपर्यंत जाता येत नव्हतं.

मी म्हटलं, मागे बसा.

दोन दिवस गेले. मग म्हणाले, "चौकाच्या पुढे बसेन. गल्लीतून नाही."

पुरुषाला बायकोच्या मागे बसायचं, तेही एका बाजूला पाय सोडून, बाया बसतात तसं, कारण तो ताठ पाय दुसऱ्या कशाने बसतच नव्हता. गल्लीत सगळी ओळखीची. हे तिथलेच जन्मलेले. तर हे दहा मिनिटं आधी घरातून निघायचे, लंगडत चौक ओलांडायचे आणि पुढच्या कडुनिंबाखाली उभे राहायचे, जसे काही कोणाची वाट बघतच नाहीत. मी मागून सायकल घेऊन यायची. इकडे तिकडे बघून पटकन बसायचे. पावसाळा, हिवाळा असाच गेला. मागून त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, डावीकडे घे, खड्डा आहे, हळू. मी म्हणायची, तुम्ही चालवताय की मी?

दुसरा उन्हाळा आला, पुन्हा बाराची ड्यूटी. आता ते दहा मिनिटांचं चालणं वीस मिनिटांचं झालं. मी कोपऱ्यावरून बघायची. एका दुकानाच्या छपराखालून दुसऱ्या छपराखाली, भिंतीला हात लावत, डोक्यावर रुमाल. गुडघा सुजायचा. कधी निघायला उशीर, कधी वाटेत थांबायचे. वैशाख संपेपर्यंत ह्यांचे नव्याने दोन लेट झाले होते. माझे नव्हते. मी आत आणि हे फाटकाबाहेर असंही एकदा झालं, कारण त्या दिवशी म्हणाले, तू पळ, माझ्यासाठी थांबू नकोस.

मग एका सकाळी भाकऱ्या बांधताना मी बोलले. वर बघून नाही, भाकरीकडे बघूनच. "तुमची जागा मी अडीच महिने धरून ठेवली. ढोपरं फोडून घेतली. आता तुम्हाला ती लाजेपायी घालवायची असेल तर घालवा. मला सांगायचं होतं, सांगितलं."

ते दाढी करत होते. वस्तरा गालावरून पुढे फिरत राहिला.

त्या साली देवासला पाण्याचे फार हाल होते. रेल्वेने पाणी येत होतं, मग टँकरने गल्लीत. टँकर यायची वेळ ठरलेली नव्हती, आणि त्या दिवशी आला तो नेमका सव्वाअकराला. अख्खी गल्ली बाहेर. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग, बादल्या, हंडे, कळशा, तेलाचे डबे. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे. आत्याबाईसुद्धा रांगेत. मी सायकल बाहेर काढली आणि बघितलं तर हे अजून ओट्यावर. मला वाटलं, झालं, आज गर्दी बघून जातच नाहीत.

ते ओटा उतरले. दोघांचे जेवणाचे डबे माझ्या हँडलला अडकवले. मग कॅरियरला हात घातला आणि म्हणाले, "थांब जरा."

आणि बसले. दारातच. एका बाजूला पाय सोडून, ताठ पाय सरळ बाहेर.

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. टँकरच्या नळीतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज. मी पेडलवर पाय ठेवला, पण पुढे जाणार कशी? गल्ली अरुंद, आणि त्यांचा पाय ज्या बाजूला बाहेर त्याच बाजूला बादल्यांची रांग. मी मागे न बघता म्हटलं, "पाय लागेल."

"लागू दे," हे म्हणाले. "चल."

आत्याबाईंनी पहिल्यांदा आपली कळशी उचलून काखेत घेतली. मग त्यांच्या पुढच्या बाईने हंडा. मग पुढच्या बाईने बादली. कोणी हसलं नाही. मी हळूहळू जात होते आणि रांगेतलं एकेक भांडं आमच्या पुढे उचललं जात होतं. माझ्या पाठीशी हे श्वास धरून बसले होते, मला कळत होतं.

कोपऱ्यावर शेवटची बादली नळीखाली भरत होती. ती कोणाची होती मला आता आठवत नाही, नवीन भाडेकरू कोणीतरी. तिने आम्हाला येताना बघितलं आणि भरती बादली बाजूला ओढली. नळी तशीच वाहत राहिली. ओंजळ-दोन ओंजळ नाही, चांगलं बादलीभर पाणी रस्त्यावर गेलं, आणि त्या ओल्या मातीवरून आमचं चाक गेलं. त्या उन्हाळ्यात देवासमध्ये कोणी कोणासाठी पाणी सांडत नव्हतं.